दुरपीसाठी बसवलेला हूक

मंगळवार पेठेतली खोली मला मिळाली ती एका मोटारीत बसून. मी टेलिफोन ऑफिसात होते आणि नाशिकहून बदली होऊन कोल्हापूरला आले होते. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. कुणीतरी दिलेला पत्ता शोधत गेले, तर अंगणात एक अवाढव्य जुनी अमेरिकन गाडी उभी आणि तिच्या मागच्या सीटवर मांडी घालून एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. मी घुटमळले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडलं.

"या, बसा की. भाईर का उभारलाय?"

मी बसले. त्यांनी गाव विचारलं, नोकरी विचारली, जेवणात तिखट चालतं का विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "म्हशीचा वास सोसंल न्हवं?" मी हो म्हटलं. "मग ऱ्हावा. वरची खोली तुमची." तेवढ्यात खिडकीतून चहाचा कप आत आला. कप धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या मामी.

पेठेत सगळे त्या गृहस्थांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. घरात बैठकीची खोली होती, तिच्यात खुर्च्या होत्या, पण आल्यागेल्याला मामा गाडीतच बसवत. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, वाटणीवरून भांडणारे भाऊ, वर्गणीला आलेली तालमीची पोरं, सगळे गाडीत. खुर्चीत बसलं की माणूस ताठतो आणि गाडीत बसलं की सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. भांडणारे दोन भाऊ मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. ते सैल पडले नव्हते, पण दारं आतून नीट उघडत नसल्यामुळे त्यांना मामांचं सगळं ऐकावं लागलं.

मामा गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. निवृत्त होताना अडत्यानं विचारलं, दिवाणजी, काय देऊ? मामांनी गोदामात गुळाच्या रव्यांमागं, म्हणजे ढेपांमागं, धूळ खात पडलेली गाडी मागितली. अडत्याला सुटल्यासारखंच झालं असणार. गाडीच्या नाकावरची अक्षरं कधीच गळून गेली होती, त्यामुळे ती कुठल्या कंपनीची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मूळचं इंजिन दगड झालेलं होतं. मामांनी त्या जागी एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गाडी दिसायची संस्थानी आणि वाजायची पिठाच्या गिरणीसारखी. ती गल्लीत वळत नसे. वळवायची तर थेट तालमीसमोरच्या मोकळ्या जागेपर्यंत न्यावी लागे, म्हणून बहुतेक वेळा ती अंगणातच असे.

माझ्या नोकरीबद्दल मामांची एक ठाम समजूत होती. टेलिफोन ऑफिसात काम करणारा माणूस कुठलाही निरोप कुठेही पोचवू शकतो. मी सकाळी जिना उतरले की खालून आवाज येई, "ताई, जाताजाता तेवढं जयसिंगपूरला सांगा, म्हणावं गुरुवारी येतोय." मी पहिल्या पहिल्यांदा समजावून पाहिलं. मग सोडून दिलं. मामा गुरुवारी जायचे आणि तिथल्या माणसांना ते येणार हे माहीत नसायचं, त्याचा दोष मामा माझ्या खात्याच्या तारांना देत.

दुसरी खोड अशी की कुठलंही काम परक्या हाताला द्यायचं नाही. "परक्याच्या हाताला माया नसती" हे त्यांचं ब्रीद. मायेनं बसवलेला आमच्या मोरीतला नळ उलटा फिरे. माझ्या खोलीतल्या दिव्याचं बटण मायेनंच खालच्या जिन्यापाशी लागलं होतं. मी वरून हाक मारायची आणि मामींनी दिवा घालवायचा. मामी कधी कुरकुरल्या नाहीत. नवऱ्याच्या करामतींकडे त्या हवामानाकडे बघावं तसं बघत.

आणि दुरपी. दुरपी म्हणजे म्हैस. अंगणाच्या कडेला पत्र्याखाली ती असे, गाडीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर. वासाबद्दल मामांनी आधीच विचारलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण खरं सांगायचं तर महिन्याभरात मला तिचा वास येईनासा झाला आणि सुट्टीत नाशिकला गेले की चुकल्यासारखं होई.

कोल्हापूरला दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात. भादरून तुळतुळीत केलेलं अंग, रंगवलेली शिंगं, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढतो, ती फडफडवत पुढं निघतो आणि म्हैस तो आवाज ओळखून हजार माणसांच्या गर्दीतून त्याच्यामागं धावत सुटते. ज्याची म्हैस दुसऱ्या कुठल्या आवाजाला भुलत नाही, त्याची मान त्या दिवशी ताठ. मामांना दोन चाकांवर तोल धरता येत नसे. म्हणून त्यांनी दुरपीला गाडीमागं पळायला शिकवलं. ती रेडकू होती तेव्हापासून रोज संध्याकाळी इंजिन सुरू करायचं, गाडी चार हात पुढं घ्यायची, आणि रेडकू धावत आलं की मामींनी बंपरवर सरकी पेंड ठेवायची. पाडव्याला गाडी वळवायला तालमीपर्यंत न्यावीच लागे, त्यामुळे दुरपी सगळ्यांपेक्षा जास्त पळे आणि त्याचाच पुढं डौल झाला. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते गल्लीच्या तोंडाशी उभी राहून. पुढं ती गलबतासारखी गाडी धडधडत चाललेली, मागं काळीभोर दुरपी शिंगांवरची मोरपिसं उडवत, आणि मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं बघत. पुढं कोण बघत होतं हे मी विचारलं नाही.

धार मामी काढत. मामांनी एकदोनदा प्रयत्न केला होता. दुरपीनं लाथ मारली नाही, फक्त दूध चोरलं, थेंब सोडला नाही. मामींच्या हाताशिवाय ती पान्हा सोडत नसे. मी तिथं राहायला जाऊन दोन वर्षं झाली असतील तेव्हा मामींची पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं की वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, शेण काढायचं नाही, आणि हे ऐकलं नाही तर पुढं ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतरचं ते काही सांगू शकत नाहीत. त्या संध्याकाळी मामी प्रथमच स्वतःहून गाडीत येऊन बसल्या. मी जिन्यात होते.

"दुरपीला माझ्या भावाकडं पोचवा," त्या म्हणाल्या. "मला आता वाकवत न्हाय."

त्यांचा भाऊ बिद्रीच्या अलीकडं एका खेड्यात राहत असे. वहिनी हाताची मऊ होती, गोठा मोठा होता, दुरपीचं काही वाईट होणार नव्हतं. मामांनी मागच्या काचेतून पत्र्याखाली पाहिलं. मग म्हणाले, "टेम्पोत न्हाय घालायची. परका ड्रायव्हर, गचके देतोय. आपल्या गाडीमागं ट्रॉली जोडून मीच न्हेतो. फकस्त हूक बसवाय पायजे."

त्या हुकाचं काम दिवाळीनंतर सुरू झालं ते संक्रांत उलटली तरी चालूच होतं.

पहिला हूक मामांनी स्वतः बसवला, अर्थात मागच्या बंपरला. बंपर भक्कम दिसत होता, चकचकीत तर होताच. चाचणीसाठी शेजारच्या बांधकामावरची दोन चाकी ट्रॉली विटांसकट जोडली आणि मामा निघाले. गाडी रंकाळ्यापर्यंत गेली. ट्रॉली गल्लीच्या तोंडाशीच राहिली, बंपरला धरून. गाडी आज हलकी चालतेय, आपला हूक फार सुरेख बसलाय, असं मामांना वाटेत वाटत होतं. ते त्यांनीच आम्हाला सांगितलं.

मग नाइलाजानं परका हात आला. उद्यमनगरातला एक वेल्डिंग मिस्त्री मामांनी घरीच आणला. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ पायच दिसत होते.

"मामा, बंपर दाखवायला असतोय," तो खालून म्हणाला. "वडायचं काम चासीनं करायचं. हूक चासीला बांधाय पायजे."

"मग बांध की."

"चासी गंजलीया. आधी पट्ट्या माराय लागतील. आन् डिझेलची टाकी इथंच हाय, ती उतरवल्याबगार मी ठिणगी पाडत न्हाय. मला पोरंबाळं हायत."

टाकी उतरली, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पट्ट्या लागल्या, निघालेला बंपरही परत बसला. हुकाचा गोळा मामांनी ओळखीच्या फाउंड्रीत ओतून घेतला. मिस्त्रीनं तो हातात घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर घण घातला. गोळ्याचे दोन तुकडे झाले. "बीड हाय हे," तो म्हणाला. ओतीव लोखंड धक्क्याला तडकतं. मग ट्रकच्या जुन्या ॲक्सलमधून लेथवर नवा गोळा काढला. तो बसवला, तर मामा त्यावर उभे राहून बघू लागले आणि गाडीचं बूड खाली बसलं. मग कमानपाट्यात एकेक पान वाढवलं. पेठेतली माणसं रोज संध्याकाळी बघायला यायची. मामा गाडीला शेपूट बसवतायत, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण यानंतर मिस्त्रीचं काम संपलं आणि मामांचं संपेना. हुकाला रंग द्यायचा राहिला होता. रंग दिला तर तो वाळायचा होता. दुरपीसाठी विकत घेतलेल्या ट्रॉलीला मागचे दिवे हवे होते. तळाच्या फळ्यांवर दुरपीचे खूर घसरतील म्हणून काथ्याची चटई हवी होती. मग ऊन लागेल म्हणून छत हवं होतं. मग छताच्या वाऱ्यानं गाडी ओढेल म्हणून छत काढायचं होतं. आणि रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी मामी पाटावर बसून धार काढत होत्या. उठताना एक हात दुरपीच्या कुशीवर टेकत. मला मामांचा राग येऊ लागला होता. ते वाईट नव्हते, त्यांना बायकोची पर्वा नव्हती असंही नाही. ते दुरपीकडे बघत आणि हुकाला अजून एकदा ग्रीस लावत.

एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा दुरपी ओरडली. तिचं नेहमीचं ओरडणं नव्हतं ते. मी खाली आले. मामी दुरपीच्या पोटाखाली बसलेल्या, बादली कलंडलेली, आणि त्यांना उठता येत नव्हतं. पाठीत उसण भरली होती. दुरपी चारी पाय रोवून उभी होती. शेपटीनं माशी हाकलायलाही ती हलली नाही. मी आणि मामांनी मिळून मामींना उठवलं आणि आत नेऊन झोपवलं. मामा बाहेर आले, गाडीत जाऊन बसले. मीही पलीकडचं दार उघडून बसले.

"मामा, हूक झालाय," मी म्हणाले.

"नट अजून एकदा आवळाय पायजेत."

"मामा."

त्यांनी फडक्यानं स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाले, "मामीला जरा बसता येऊ दे. ऐतवारी जाऊ. तुम्हीबी चला. तुम्ही सरकारी माणूस. पोलिसानं अडवलं तर कार्ड दाखवा."

तोवरच्या धारा मामींनी मामांचा खांदा धरून, कशाबशा काढल्या. रविवारी उजाडताच सगळी गल्ली जमली. ट्रॉलीत काथ्याची चटई, तिच्यावर मामींची जुनी वाकळ, पुढच्या बाजूला सरकी पेंड. दुरपी फळीवरून निमूट वर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांचा चेहरा पडला, त्यांना बहुधा ती चढणार नाही अशी आशा होती. मी पुढच्या सीटवर बसले. मामांनी स्टार्टर दाबला.

इंजिन धडधडलं आणि दुरपी पळायला लागली. रेडकू असल्यापासून त्या आवाजाचा तिला एकच अर्थ शिकवलेला होता. ती ट्रॉलीतच पळायला लागली. पुढचे दोन्ही पाय तिनं पुढच्या फळीवर टाकले, ट्रॉली उड्या मारू लागली, गाडीचं बूड डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागलं. "बंद करा, बंद करा," सगळे ओरडले. मामांनी इंजिन बंद केलं. दुरपी ताबडतोब शांत झाली आणि पेंड खाऊ लागली.

मिस्त्री वाकून खाली बघत होता. "मामा, हूक तसूभर हलला न्हाय बगा," तो म्हणाला. मामांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरले नाही.

पुन्हा सुरू करून पाहिलं, पुन्हा तेच. इतके महिने इतकी माणसं त्या हुकाभोवती उभी राहिली, त्याच्या वजनाचा आणि उंचीचा काथ्याकूट केला, पण ज्या गाडीमागं पळायला तिला शिकवलं त्याच गाडीमागं तिला उभी करून नेणार आहोत, हे पेठेतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. कुणीतरी टेम्पोचं नाव काढलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी उमेद दिसू लागली. तेवढ्यात मामी दाराशी आल्या.

"तिला उतरवा," त्या म्हणाल्या. "ती चालत येती. मी बसतो मागं." मामी तिकडच्या बायकांसारख्या मी येतो, मी जातो असंच बोलत. दुरपीसाठी अंथरलेल्या वाकळेवर त्या मागं तोंड करून बसल्या, पाठीशी उशी घेतली, मांडीवर वाड्याचा भारा घेतला. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. मग इंजिन सुरू झालं आणि आम्ही निघालो.

मामांनी गाडी सगळा वेळ पहिल्या गिअरमध्ये चालवली. पुढं गाडी, मध्ये ट्रॉलीत मामी, मागं दुरपी. कळंबा सोडेपर्यंत पेठेतली काही पोरं सायकलवर बरोबर होती, मग तीही कंटाळून परतली. गळिताचा हंगाम होता. उसानं भरलेल्या बैलगाड्या आम्हाला मागं टाकून कारखान्याकडे गेल्या आणि गाडीवानांनी आम्हाला काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकानं फक्त सभ्यपणे विचारलं, "पावणं, म्हस गाडी ढकलतीया का गाडी म्हशीला वडतीया?" इंजिन तापलं की झाडाखाली थांबायचं, बॉनेट उघडायचं. एकाच बादलीतलं पाणी आधी दुरपी प्यायची आणि उरलेलं रेडिएटरमध्ये जायचं. मी आरशात मागं बघत होते. मामी वाडं पुढं धरत आणि काहीतरी बोलत होत्या. इंजिनच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता, पण त्यांचं बोलणं वाटभर थांबलं नाही. पोलीस भेटला नाही.

दिवस मावळता मामींच्या भावाच्या मळ्यात पोचलो. गाडी गोठ्यासमोर नाक करून उभी राहिली. दुरपीला नवा खुंटा मिळाला. संध्याकाळची धार वहिनींनी काढली. मामी शेजारी उभ्या राहिल्या, दुरपीच्या पाठीवर हात ठेवून, आणि दुरपीनं पान्हा सोडला. मामा बघायला आले नाहीत.

सकाळी ट्रॉली मेहुण्यांसाठी तिथंच सोडली. आम्ही गाडीत बसलो, मामांनी स्टार्टर दाबला, आणि गोठ्यातून धाड असा आवाज आला. दुरपी दाव्यासकट, उपटलेल्या खुंट्यासकट बाहेर आली आणि गाडीभोवती फिरून बरोबर बंपरमागं जाऊन उभी राहिली. मामांनी इंजिन बंद केलं. ते उतरले, तिला स्वतः गोठ्यात नेलं, परत येऊन बसले आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"हितं गाडी चालू करायची न्हाय," ते म्हणाले.

मेहुण्यांनी ट्रॅक्टर आणला. बांधावरच्या वाटेत ती गाडी वळणं शक्यच नव्हतं, म्हणून मागच्या नव्या हुकालाच साखळी बांधली. ट्रॅक्टर निघाला आणि आमची गाडी उलटी, मागच्या मागं, मुकाट चालू लागली. मामांनी स्टिअरिंग धरलं होतं. मागं वळून बघायला हवं होतं, पण ते समोरच बघत होते. समोर गोठा होता. दुरपी रवंथ करत होती. तिनं एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. गोठा लहान लहान होत गेला. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. इतके दिवस त्यांच्यावर धरलेला राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मेहुण्यांनी साखळी सोडली आणि ट्रॅक्टर घेऊन परत गेले. मळा तिथून दिसत नव्हता. आम्ही बसून राहिलो. मामा किल्ली खिशातून काढीनात.

"आता करा की चालू," मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या.

मामा शेतापलीकडच्या गुऱ्हाळाकडे बघत होते. चुलवाणाचा धूर मळ्याच्या दिशेनं कलला होता.

"वारं तिकडं हाय," ते म्हणाले. "आवाज जाईल तिला."

मामींनी तो धूर पाहिला. मग त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली आणि टेकून बसल्या.

"बसू या की मग," त्या म्हणाल्या. "मला तरी आता घरी जाऊन कुणाची धार काढायची हाय?"